मांडी आपली आपण का भरली

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा शेजारी असले की फोनवर मोकळं बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. बाबांच्या नडगीची जखम भरेना, तिला त्यांच्याच मांडीची कातडी लावावी लागली, म्हणजे ग्राफ्ट करावा लागला. मग सोललेली मांडी आपली आपण कशी भरली, हा तुझा प्रश्न अगदी नेमका आहे. उत्तर केसांच्या मुळांशी आहे.

मांडीवरून काढतात तो पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. केसांची मुळं त्याच्या खाली, खोल राहतात. केस ज्या इवल्या पिशवीत उगवतो, त्या केशपुटकात एक किंचित फुगीर जागा असते. अंगावर काटा येताना केस उभा करणारा स्नायू तिथेच जोडलेला असतो. तिथे स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी घडतात अशा मूळ पेशी असतात. एरवी त्यांना काम एकच, जुना केस गेला की नवा घडवणं. कातडीची रोजची झीज तिच्याच तळच्या थरातल्या पेशी भरून काढतात, या त्यात पडत नाहीत. पण वरची कातडी गेली की या पेशी जागा सोडून वर सरकतात आणि केसाऐवजी चक्क कातडी घडवू लागतात! 2005 मध्ये उंदरांच्या याच पेशींवर जनुकीय खूण करून हे दाखवलं गेलं. त्यातल्या बहुतेक पेशी पुढे काही आठवड्यांत त्या कातडीतून नाहीशाही झाल्या. अडचणीला धावून यायचं आणि काम झालं की निघून जायचं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

दादाने पाठवलेला, पट्टी काढल्या दिवशीचा मांडीचा फोटो मोठा करून बघ. लालसर जागेवर फिकट गुलाबी ठिपके दिसतील, कितीतरी ठिपक्यांच्या मधोमध केसाचं छिद्र. तेच पसरत एकमेकांना मिळाले. घामाच्या ग्रंथींनीही हातभार लावला असणार.

नडगीची जखम खोल होती. तिथली केशपुटकं मुळासकट गेली, त्यामुळे मधे कुठूनच नवी कातडी उगवेना. जी काय यायची ती कडेकडेने. आई, ड्रेसिंगमध्ये तू कमी पडलीस असं मनात धरून बसली आहेस, असं दादा म्हणाला. तसं अजिबात नाही. एवढ्या मोठ्या, खोल जखमेचं ग्राफ्टशिवाय भागलंच नसतं.

मांडीवर केस पुन्हा येतील, ग्राफ्टवर नाही. उंदरांत मोठ्या जखमेच्या मध्यभागी नवी केशपुटकं तयार झालेली 2007 मध्ये दिसली होती, केस मात्र पांढरे आले. माणसाच्या जखमेत तसं घडवून आणणं अजून जमलेलं नाही.

तेलाच्या ग्रंथी केशपुटकांनाच लागून असतात, त्यामुळे ग्राफ्ट कोरडाच राहणार. डॉक्टर हो म्हणाले की बिनवासाचं मलम रोज हलक्या हाताने लाव आणि ती जागा उन्हापासून झाकून ठेव. मांडीला आता खाज सुटेल. बाबांना नखं लावू देऊ नकोस. ती कातडी अजून फार नाजूक आहे.

तुझी लेक