फोन सरांनीच केला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर फसवणुकीच्या बातमीच्या शेवटी एक ओळ हमखास असते : 'अनोळखी व्यक्तीच्या फोनला प्रतिसाद देऊ नका, ओटीपी सांगू नका.' सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली 18 वर्षे माझे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. फसल्यावर माझ्याकडे मशीन घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना कोणाचा फोन आलेलाच नसतो. फोन त्यांनी स्वतः केलेला असतो, तोही मदत मागायला. त्यांना ती ओळ काय कामाची?

मागच्या महिन्यात आमच्या हायस्कूलचे निवृत्त शिक्षक लॅपटॉप घेऊन आले. मी त्यांच्याच हाताखाली गणित शिकलो. "व्हायरस पुरता गेलाय का बघ रे," एवढेच म्हणाले. बाकीचे हळूहळू बाहेर आले. लाइट बिल भरायला बसले असताना पडदा एकदम निळा झाला, भोंगा वाजू लागला, 'कॉम्प्युटर लॉक झाला आहे, बंद करू नका' अशी इंग्रजी पाटी आली आणि तिच्याखाली मायक्रोसॉफ्टच्या नावाने एक नंबर. सरांनी घाबरून तो लावला. पलीकडचा मुलगा अदबीने हिंदीत बोलला, एक ॲप टाकायला लावले आणि तिकडून लॅपटॉप स्वतःच चालवू लागला. विंडोजमधले इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली आणि म्हणाला, हे सगळे हॅकर आत शिरलेत. तीन वर्षांच्या 'सुरक्षे'चे 4,999 रुपये घेतले. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, पैसे परत करायचे आहेत म्हणून. त्या वेळी खात्यातून 86 हजार गेले.

मी दुकानातल्या माझ्या मशीनवर तीच यादी उघडून दाखवली. लाल खुणा तशाच, उलट जास्तच. प्रिंटर जोडलेला नव्हता, एखादी सेवा उशिरा सुरू झाली, अशा किरकोळ गोष्टींची ती नोंदवही असते. चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही ती भरलेली असते. सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्यानं दाखवलं ते खरंच होतं. अर्थ तेवढा खोटा सांगितला."

त्या निळ्या पडद्याबद्दलही इथेच सांगतो. कॉम्प्युटर लॉक वगैरे काही झालेला नसतो. ब्राउझरचे एक पान पूर्ण पडद्यावर पसरवलेले असते. एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरून ते पान लहान केले आणि बंद केले, किंवा कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की भोंगा थांबतो. तेही जमले नाही तर पॉवरचे बटण दाबून धरून मशीन सरळ बंद करावे. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीही दिलेला नसतो.

हा धंदा आपल्याच देशात वाढला, याची मला लाज वाटते. 2012 साली ग्राहकहित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा टोळ्यांवर खटले भरले, त्यांतल्या बहुतेक भारतातून चालत होत्या. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा 700 हून अधिक पोरे-पोरी ताब्यात घेतली गेली. ती अमेरिकी कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या लोकांना धमकावत होती. तेव्हा आपल्याकडे अनेकांना त्यात गंमत वाटली, परदेशी माणूस फसतोय ना, म्हणून. आज तीच बोलण्याची तालीम हिंदीत आणि मराठीत झाली आहे आणि भोंगा आपल्या सरांच्या घरात वाजतो आहे.

आपल्याकडे याहूनही जास्त चालतो तो बनावट कस्टमर केअरचा प्रकार. वॉशिंग मशीन बंद पडते, कुरिअर अडकते, वॉलेटमधून पैसे कापले जातात. गृहिणी मोबाइलवर कंपनीचे नाव टाकून 'कस्टमर केअर' शोधते आणि सगळ्यात वर दिसेल तो नंबर लावते. पुष्कळदा ती पैसे भरून दिलेली जाहिरात असते. 'नोंदणीसाठी दहा रुपये पाठवा' म्हणत एक लिंक येते, नाहीतर तेच दुसऱ्याचा मोबाइल चालवणारे ॲप. या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच बँकांना सावध केले होते.

मला राग येतो तो कंपन्यांचा. पूर्वी टीव्हीच्या मागे, गॅरंटी कार्डावर डीलरचा नंबर असायचा. आता खरा नंबर शोधायला ॲपमध्ये शिरा, चॅटवर एकाच प्रश्नाचे तेच उत्तर चार वेळा वाचा, तरी माणूस भेटत नाही. भामट्याचा फोन मात्र पहिल्याच रिंगला उचलला जातो. कंपन्यांनी रिकामी सोडलेली जागा त्याने भरली आहे. म्हणून माझे म्हणणे असे, की प्रत्येक वस्तूवर आणि बिलावर तक्रारीचा नंबर ठळक, न पुसला जाणारा छापणे सक्तीचे करावे आणि तिथे माणूस बोलला पाहिजे. 'कस्टमर केअर' या शब्दांवर जाहिरात विकणाऱ्या सर्च कंपनीने तो नंबर खरेच त्या कंपनीचा आहे का, हे जाहिरात लावण्याआधी तपासावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाला फसव्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत दंड करता येतो. तो अधिकार इथे वापरावा.

सर माझ्याकडे आले ते पैसे गेल्यानंतर पाचव्या दिवशी. "पुण्याला मुलाला कळवू नकोस," हे त्यांनी दोनदा सांगितले. या शरमेतच वेळ गेला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात; दिवस उलटले की ते पाच-सहा खात्यांतून फिरून निघून जातात. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच तपशील दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे एकेक मिनिट मोलाचे. पोलीस ठाण्यात गेल्यावर सरांना ऐकावे लागले, "साहेब बंदोबस्तावर आहेत, उद्या या." माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 प्रमाणे या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि तालुक्याच्या ठाण्यात असे अधिकारी असतात किती? उपनिरीक्षकांना प्रशिक्षण देऊन हे काम सोपवता येईल असा बदल व्हायला हवा.

सरांचे पैसे अजून आलेले नाहीत.

आपल्या दैनिकाला एक विनंती. अशी बातमी देताना 'वृद्ध जाळ्यात अडकला' असे मथळे देऊ नयेत. ते वाचून पुढचा माणूस तोंड उघडत नाही. त्याऐवजी तो खोटा नंबर कुठे दिसला, ती जाहिरात कोणत्या कंपनीच्या पानावर होती, तक्रारीनंतर ती किती दिवसांनी काढली, हे त्या कंपनीला विचारून छापावे. आणि 1930 हा आकडा बातमीच्या तळाशी बारीक अक्षरात न टाकता मथळ्याशेजारी द्यावा.

आपला,
एक वाचक, जि. सातारा