त्या उतारावरून परत फिरवल्याबद्दल

प्रिय ताई,

हिमस्खलनाच्या धोक्यामुळे तुम्ही आम्हाला त्या बर्फाळ उतारावरून परत फिरवलंत, त्याला आता वर्ष होऊन गेलं. तेव्हा मी तुमच्याशी धड बोललोही नाही. खाली येताना सगळ्यात मागे राहिलो, तंबूत शिरलो आणि दुसऱ्या दिवशी निघताना नुसतं "येतो" म्हणालो. आभार मानायचे राहून गेले. ते आज मानतो, आणि सगळ्यांसमोर मानतो, कारण तुमच्यावर तोंडसुख घेतलं तेही सगळ्यांसमोरच.

दोन दिवस बर्फ पडून त्या सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. ४० सेंटिमीटर ताजा बर्फ, समोर खिंड, आणि मधल्या उतारावरून कुणाच्या तरी स्कीचे दोन माग आधीच पलीकडे गेलेले. त्या दोन रेघा पाहून आमचं ठरूनच गेलं: ते गेले, म्हणजे आपणही जाऊ. तुम्ही मात्र त्या उताराच्या पायथ्याशीही गेला नाहीत. बाजूच्या, त्याच दिशेला तोंड असलेल्या एका लहानशा चढावर फावडं काढून खणायला लागलात.

तो खड्डा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. भिंत तासून गुळगुळीत केलीत आणि तिच्यावरून माझं बोट वरून खाली फिरवायला लावलंत. वर मऊ, मग वाऱ्याने दाबून बसवलेला घट्ट थर, आणि त्याच्याखाली एक करडी रेघ, बोटाच्या पेराएवढीही जाड नसलेली. भिंगातून पाहिलं तर पिसांसारखे चपटे, उभे स्फटिक. मी ते ओळखले. बर्फ पडायच्या आधीच्या दोन निरभ्र, निवांत रात्रींत पृष्ठभागावर जमलेलं तेच दंव. पहाटे त्याच्या चमचमाटाचे आम्ही किती फोटो काढले होते! ते विरघळलं नव्हतं, मोडलं नव्हतं. गाडलं गेलं होतं, पण उभंच होतं. तुम्ही म्हणालात, "वरचं ओझं पेलेल, पण आडवा धक्का सोसणार नाही."

मग तुम्ही ९० सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने ३० सेंटिमीटर असा ठोकळा सगळीकडून मोकळा केलात आणि एका टोकाला फावड्याचं पातं आडवं ठेवलंत. मनगटातून दहा थापा. काही नाही. कोपरातून थापा सुरू झाल्या, आणि तिसऱ्या थापेला त्या करड्या रेघेवरून चीर सरकन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. वरच्या बर्फाची अख्खी लादी माझ्या गुडघ्यांवर येऊन पडली. मी थापा मोजत होतो, तुम्ही चीर पाहत होतात. ती मध्ये कुठे थांबली नाही, हे तुमच्या लेखी जास्त महत्त्वाचं होतं. उतारावरही तसंच होतं ना: एका माणसाच्या वजनाने नाजूक थर एका जागी मोडतो, ती मोड दूरवर धावत जाते आणि माणूस मधोमध असताना लादी सुटते. हिमस्खलनात सापडणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत ते स्खलन त्यांनीच किंवा त्यांच्या सोबत्याने सुरू केलेलं असतं, हे मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. तोवर मला वाटायचं, ते वरून आपल्यावर येतं.

बाकीचं तुम्ही भराभर सांगितलंत. उतार ३६ अंशांचा. बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांतच सुटतात. वाऱ्याने पलीकडचा बर्फ उचलून नेमका याच बाजूला आणून टाकलेला. खाली अरुंद घळ, म्हणजे थोडा बर्फ आला तरी माणूस खोल गाडला जाणार. आणि सकाळी सपाटीवरून चालताना पायाखाली आलेला तो "धप्प" आवाज, म्हणजे खालचा नाजूक थर खचल्याची खूण. आम्ही तो ऐकून पुढे चालत राहिलो होतो, तुम्ही जागच्या जागी थांबला होतात. त्या दिवशीच्या हिमस्खलनाच्या इशाऱ्याची पातळी पाचपैकी तीन होती. आम्ही ती "मधली" म्हणून वाचली. तीनवरच खूप माणसांचा जीव जातो, हेही तुम्हीच सांगितलंत.

तरी आम्ही भांडलो. सुट्टी संपत आली होती, खिंड समोर होती, माग होते. कुणीतरी तुम्हाला घाबरट म्हणालं आणि मी त्याला अडवलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

आणि तो उतार सुटला नाही. दुसऱ्या दिवशी निघतानाही तसाच होता. काही महिने मी ते तुमच्याविरुद्ध धरून बसलो: बघा, काहीच झालं नाही! मग हळूहळू लक्षात आलं की न सुटलेला उतार काहीच सांगत नाही. लादी सगळीकडे सारखी जाड नसते. खडकाजवळ ती पातळ असते आणि तिथे वजन थेट नाजूक थरापर्यंत पोचतं. दोघं जाड जागेवरून निघून जातात, तिसरा मीटरभर बाजूने जातो. आधीच्या दोघांना मात्र आपला अंदाज बरोबर होता असंच वाटत राहतं.

"हा सुटणारच" असं तुम्ही ठासून म्हणाला असतात, तर आम्ही गप्प बसलो असतो. तुम्हाला ते सोपं गेलं असतं. तुम्ही म्हणालात, "सुटेल की नाही मला माहीत नाही. म्हणूनच जायचं नाही." आमचा राग ओढवून घेतलात, पण खोटं बोलला नाहीत. खरे आभार याचे आहेत, ताई.

बीकनचा, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्राचा, सराव दिला त्याचेही आभार. बर्फात पुरलेली सॅक शोधून काढायला पहिल्यांदा मला ११ मिनिटं लागली, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं घड्याळ दाखवलंत. पहिल्या दहाएक मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक माणसं जिवंत सापडतात, अर्धा तास उलटला की तिघांतला एखादाच. आता मला चार मिनिटं लागतात. मोबाईल बंद करून ठेवायचा, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) लागला की तो तिथेच रोवलेला ठेवायचा, आणि उताराच्या खालच्या बाजूने खणत आत शिरायचं, हे हाताला बसलं आहे.

या हिवाळ्यात तिघं मिळून गेलो होतो. ३४ अंशांच्या उताराखाली पाय ठेवला आणि "धप्प" झालं. मी थांबलो. झाडीतल्या धारेवरून वळसा घेऊ म्हणालो, दोन तास जास्त लागले. एक मित्र पूर्ण वाटभर सगळ्यात मागे, एक शब्द न बोलता चालत होता. मी त्याच्यासाठी प्रत्येक वळणावर थांबत गेलो. तुम्हीही त्या दिवशी माझ्यासाठी तशाच थांबत होतात, हे मला तेव्हा कळलं.

तुमचा,
त्या दिवशी सगळ्यात मागे चालणारा