शर्यतीची हौस आणि बेळगावचे रस्ते

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रात्री उशिरा बेळगावच्या जुन्या पी. बी. (पुणे-बेंगळूर) रोडवर, वेंगुर्ला रोडवर आणि खानापूर रोडवर दुचाकींच्या शर्यती लावणाऱ्या तरुणांबद्दल आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात अलीकडे बरेच लिहून येत आहे. सायलेन्सर बदलून कर्कश आवाज करत गल्लीबोळांतून जाणाऱ्या गाड्यांचा त्रास आम्हा अनगोळकरांनाही होतो आणि अशा मुलांवर पोलिसांनी कडक कारवाई केली पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु या पत्रांतून मोटारसायकलची शर्यत म्हणजे वाया गेलेल्या पोरांचा उद्योग, असा जो सरसकट सूर निघतो, तो मला मान्य नाही. माझा पुतण्या यंदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर नवोदितांच्या गटात प्रथमच उतरला आणि त्याचा मदतनीस म्हणून शुक्रवार ते रविवार मी त्याच्यासोबत होतो. येथील उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ आणि मिलिंग मशिनवर माझे आयुष्य गेले आहे. यंत्र कसे तपासावे आणि चालत्या यंत्राजवळ माणसाने कसे वागावे, एवढे मला कळते. त्या नजरेने तेथे जे पाहिले, ते बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील पालकांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने उभारला असून तो 1990 पासून वापरात आहे. त्यापूर्वी शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत असत. सुमारे 3.7 किलोमीटर लांबीच्या या ट्रॅकवर 12 वळणे आहेत. येथे धावायचे तर मोटारस्पोर्ट्सच्या राष्ट्रीय महासंघाचा स्पर्धक परवाना काढावा लागतो, त्यासाठी डॉक्टरांकडून तपासणी करून दाखला द्यावा लागतो आणि मुलगा अल्पवयीन असेल, तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय त्याचा अर्ज पुढे सरकत नाही. पुतण्या ज्या नवोदितांच्या गटात उतरला, त्यात 165 सीसीपर्यंतच्याच गाड्या असतात. आपल्या गल्लीत दहावी उत्तीर्ण झाल्याचे बक्षीस म्हणून याहून मोठी गाडी हाती दिली जाते, हे येथे नमूद केले पाहिजे.

शुक्रवारी सकाळी गाडीची तांत्रिक तपासणी झाली. मला या संपूर्ण फेरीत सर्वांत जास्त भावलेली गोष्ट हीच, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. हेडलाइट, आरसे, इंडिकेटर, साइड स्टँड, नंबरप्लेट हे सारे आधीच उतरवून न्यावे लागते, कारण पडल्यावर काच फुटली किंवा स्टँड रस्त्यात रुतला, तर मागून येणाऱ्याचा जीव जातो. इंजिनच्या तळाशी ऑइल काढण्याचा जो बोल्ट असतो, त्याच्या डोक्याला आरपार बारीक भोक पाडून त्यातून स्टीलची तार ओवावी लागते आणि ती पिळून अशी बांधावी लागते की, बोल्ट सैल होऊ लागला तर तार त्याला उलट घट्ट ओढील. ते भोक मी माझ्या वर्कशॉपमध्ये पाडले होते. तपासनीस वयस्कर होते. गाडीखाली अंग टाकून, हातात टॉर्च घेऊन त्यांनी ती तार बोटाने ओढून पाहिली, तिचा पीळ कोणत्या दिशेला आहे हे पाहिले आणि मगच मान हलवली. त्यानंतर त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडून दिला आणि तो आपोआप मिटतो की नाही, हे हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून पुन:पुन्हा पाहिले. रेडिएटरमध्ये कूलंट चालत नाही, साधे पाणीच भरावे लागते. कूलंट रस्त्यावर सांडले तर ते तेलासारखे निसरडे होते आणि पुसून लवकर जात नाही. पुतण्याचे हेल्मेट, पाठीचे कवच, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, हातमोजे आणि अखंड चामडी सूट हेही त्यांनी टेबलावर मांडून पाहिले. आमच्या पुढे असलेल्या एका मुलाच्या हेल्मेटला मागे तडा गेलेला दिसताच त्यांनी ते बाजूला काढले. त्याने रदबदली केली नाही, दुसरे हेल्मेट उसने आणून पुन्हा रांगेत उभा राहिला. चाळीस वर्षे कारखान्यांत वावरूनही इतकी मनापासून केलेली तपासणी मी क्वचितच पाहिली आहे.

पॅडॉकमध्ये, म्हणजे स्पर्धकांच्या गाड्या ठेवण्याच्या आवारात, आमच्या शेजारच्या तंबूत हुबळीचा एक मेकॅनिक होता. आमच्या गाडीची चेन जास्त ताणलेली आहे, हे त्याच्या लक्षात आले आणि कन्नडमधून समजावून सांगत त्याने ती सैल करून दिली. तमिळ मुलखात आम्हा दोघांना कन्नडने जवळ आणले, याचा मला मनापासून आनंद झाला.

सराव सुरू होण्याआधी सर्व नवोदितांना एकत्र बसवून झेंड्यांचा अर्थ समजावून सांगितला जातो. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, वेग आवरा आणि कोणालाही मागे टाकू नका. लाल झेंडा म्हणजे सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत, परत या. निळा म्हणजे तुमच्याहून वेगवान स्पर्धक मागून येत आहे. पिवळ्यावर लाल पट्टे असले तर रस्ता निसरडा आहे. काळ्या झेंड्यावर नारिंगी गोल दाखवला तर तुमच्या गाडीतच बिघाड आहे, ताबडतोब ट्रॅक सोडा. जागोजागी मार्शल, म्हणजे ट्रॅकवर लक्ष ठेवणारे कार्यकर्ते, हे झेंडे घेऊन भर उन्हात दिवसभर उभे असतात. रुग्णवाहिका आणि डॉक्टर जागेवर नसतील तर सत्र सुरूच होत नाही आणि रुग्णवाहिका जखमीला घेऊन बाहेर गेली, तर तिची जागा भरून निघेपर्यंत सर्वांना थांबावे लागते.

पुतण्याला पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी वेगाबद्दल काहीच सांगितले नाही, ते त्याच्या नजरेबद्दल बोलत राहिले. नवा मुलगा पुढच्या चाकासमोरचा रस्ता पाहतो आणि घाबरला की, ज्या गोष्टीला धडकण्याची भीती वाटते तिच्याकडेच टक लावतो. मग गाडीही तिकडेच जाते. म्हणून वळणाच्या आत शिरण्याआधीच मान वळवून वळणाच्या शेवटाकडे पाहायचे, ब्रेक सरळ रेषेत असतानाच आटोपायचे, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू उघडायचा, याचा घोटून घोटून सराव करून घेतला गेला. सरळ पट्ट्यावर वेग कोणीही घेऊ शकतो, वळणात स्वतःला आवरणारा खरा चालक, हे त्यांचे म्हणणे मला पटले. प्रत्येक सत्रानंतर मुलगा घामाने निथळत पिटमध्ये यायचा आणि मी त्याला मीठ-साखरेचे पाणी द्यायचो. चेन्नईच्या उन्हात चामडी सूट घालून धावणे हे शरीराचे काम आहे, केवळ धाडसाचे नाही.

शनिवारच्या पात्रता फेरीनंतर पहिल्या शर्यतीत एक प्रसंग घडला. पुढच्या वळणावर एक स्पर्धक घसरून बाजूच्या खडीत गेला होता आणि मार्शलने पिवळा झेंडा दाखवला होता. पुतण्याने शर्यतीच्या भरात त्याच पट्ट्यात एकाला मागे टाकले. शर्यत संपल्यावर त्याला अधिकाऱ्यांनी बोलावून घेतले, त्या ठिकाणच्या मार्शलचा अहवाल वाचून दाखवला आणि त्याच्या वेळेत दंडाची भर घातली. त्यामुळे तो अनेक स्थाने मागे गेला. तेथे कोणाचा आवाज चढला नाही, कोणाच्या ओळखीचा फोन आला नाही आणि आपल्याकडे चौकात गाडी अडवल्यावर जे ऐकू येते, तसे 'मी कोण आहे माहीत आहे का?' असेही कोणी विचारले नाही. मुलाने सही केली, बाहेर आला आणि खडीत पडलेला तो स्पर्धक ठीक आहे का, हे आधी पाहून आला. रविवारच्या शर्यतीत तो मागच्या फळीतच राहिला, पण पिवळा झेंडा दिसला तेव्हा त्याने वेग कमी केला, हे मी पिटच्या भिंतीवरून स्वतः पाहिले. हा मुलगा घरी परतल्यापासून गोगटे सर्कलच्या सिग्नलवर लाल दिवा लागल्यावर झेब्रा पट्ट्याच्या आत थांबतो. यापूर्वी त्याच्या वडिलांनी कितीही सांगितले तरी तो थांबत नसे.

आता आपल्या रस्त्यांचा विचार करा. ताशी 100 किलोमीटर वेगातील गाडी एका सेकंदात सुमारे 28 मीटर पुढे जाते आणि वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. ट्रॅकवर सर्व गाड्या एकाच दिशेने जातात, कडेला खडी असते, तिच्यापलीकडे टायरांची भिंत असते. आपल्याकडे कडेला विजेचा खांब, डिव्हायडर नाहीतर झाड असते. ऊस हंगामात मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात, बाजूच्या शेतातून जनावरे रस्त्यावर येतात आणि तवंदी घाटात तर दिवसाढवळ्याही भान ठेवावे लागते. अशा रस्त्यावर, चपला घालून, हेल्मेट कोपरात अडकवून वेग घेणाऱ्या मुलाची आणि ट्रॅकवर उतरणाऱ्या मुलाची गणना एकत्र करणे अन्यायाचे आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात वस्तादांसमोर होणारी कुस्ती आणि रस्त्यावरची मारामारी यांतील फरक बेळगावकरांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तोच फरक येथे आहे.

ट्रॅकवर धोका नसतो, असे मी मुळीच म्हणणार नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये याच ट्रॅकवर बेंगळूरच्या अवघ्या 13 वर्षांच्या मुलाचा शर्यतीत मृत्यू झाला आणि त्या आठवड्यातील उर्वरित शर्यती रद्द करण्यात आल्या. तेथे जाण्यापूर्वी आमच्या घरात या घटनेवर बरीच चर्चा झाली, माझ्या वहिनींचा शेवटपर्यंत विरोध होता आणि त्यांची काळजी मला आजही रास्त वाटते. लहान वयात मुलांना किती वेगाच्या गाडीवर उतरवावे, याचा विचार पालकांनी आणि आयोजकांनी गांभीर्याने करायलाच हवा. माझा पुतण्या सज्ञान आहे, त्याने आधी प्रशिक्षण घेतले आणि मगच अर्ज भरला, म्हणून मी त्याच्या पाठीशी उभा राहिलो.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार सार्वजनिक ठिकाणी विनापरवानगी शर्यत लावणे हा गुन्हा आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंडाची तरतूद आहे. मुलाच्या हातात चावी देणाऱ्या वडिलांनी हे एकदा वाचावे.

परंतु केवळ दंड करून ही हौस संपणार नाही, ती दुसऱ्या रस्त्यावर जाईल. आज बेळगावच्या मुलाला रीतसर शिकायचे असेल तर चेन्नई किंवा कोइमतूरसारखे दूरचे शहर गाठावे लागते. टेम्पोत गाडी घालून सुमारे 800 किलोमीटर जाणे, राहणे, टायर आणि चामडी सूट यांचा खर्च सर्वसाधारण घराला पेलणारा नाही. शेजारच्या कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक झाला आणि तेथून राष्ट्रीय पातळीवर धावणारे चालक पुढे आले. आपल्याकडे काय कमी आहे? उद्यमबागेत फाउंड्रीपासून सीएनसीपर्यंत (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांपर्यंत) सर्व कामे होतात, येथील हायड्रॉलिकचा माल देशभर जातो, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही बेळगावातच आहे. लगेच मोठा ट्रॅक बांधा, अशी माझी मागणी नाही. जिल्हा प्रशासन, वाहतूक पोलीस आणि आर. टी. ओ. यांनी मिळून महिन्यातून एका रविवारी एखादे बंदिस्त, डांबरी किंवा काँक्रीटचे मैदान उपलब्ध करून द्यावे, तेथे शंकू मांडून प्रशिक्षित चालकांकडून ब्रेक, वळण आणि नजर यांचे शिक्षण दिले जावे, रुग्णवाहिका उभी असावी आणि परवाना व पूर्ण पोशाख असल्याशिवाय कोणालाही आत सोडू नये. उद्योजकांच्या संघटनांनी वेगवेगळ्या मापांचे काही सूट, बूट आणि पाठीची कवचे विकत घेऊन ठेवली, तर गरीब घरातील मुलगाही ती घालून शिकू शकेल. रात्री रस्त्यावर पकडलेल्या मुलाला पहिल्या वेळी दंडाबरोबरच अशा शिबिरात पालकांसह हजर राहण्याची समज पोलिसांनी द्यावी. वेगाची खरी आवड असेल तर तो तेथे रमेल आणि नुसती मिरवण्याची हौस असेल तर ती तेथेच उघडी पडेल.

असा उपक्रम सुरू होणार असेल, तर येणाऱ्या प्रत्येक गाडीचे ब्रेक, चेन, टायर आणि अ‍ॅक्सिलरेटर तपासून देण्याचे काम मी आणि उद्यमबागेतील माझे काही सहकारी मोबदला न घेता करू. संबंधित अधिकाऱ्यांनी आपल्या दैनिकामार्फत आमच्याशी संपर्क साधावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक यंत्र कारागीर,
अनगोळ, बेळगाव