कोबा का नाही घातला

मॅडिसन, विस्कॉन्सिन

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, शेडमधल्या आमच्या बास्केटबॉल कोर्टाचे फोटो बघून रविवारी तुम्ही विचारलंत, "एवढा खर्च करून लाकूड कशाला? साधा कोबा घातला असता तर पोरगं खेळलं नसतं का?" खेळलं असतं. मीही तुमच्या शिट्टीवर कोब्यावरच खेळले. पण आईने मध्येच फोन घेतला आणि उत्तर राहून गेलं, म्हणून हे पत्र.

पहिलं कारण तुमचे गुडघे. जन्मभर उन्हातल्या कोब्यावर पोरांना उडी मारून ले-अप टाकायला शिकवलंत, त्याची वसुली आता जिना करतोय. आमच्या शेडमध्ये काँक्रीटवर ओल अडवणारा प्लॅस्टिकचा कागद आहे, त्यावर रबराच्या गुट्ट्या, मग प्लायवूडचे आडवे-उभे दोन थर, आणि सगळ्यात वर मेपलच्या जेमतेम पाऊण इंची फळ्या. उडी मारून खाली आलं की जमीन किंचित दबते आणि धक्का स्वतःच खाते. पैसाही बराचसा त्या खालच्या थरांतच गेला.

साग का नाही, तर मेपल सागापेक्षा टणक. त्याचा पोत बारीक, त्यामुळे कुसळं निघत नाहीत. शिवाय ते इथलंच, वर उत्तरेच्या थंडीत सावकाश वाढणारं. एनबीएची, म्हणजे इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, जवळपास सगळी कोर्टं मेपलची असतात. बॉस्टन सेल्टिक्स संघाचं मात्र ओकचं. १९४६ साली लाकडाची टंचाई होती, म्हणून आखूड तुकडे आडवे-उभे जोडून त्यांनी भागवलं, आणि आज ती नक्षीच त्या संघाची ओळख आहे. आई, काटकसरीचं एवढं कौतुक तुझ्या वाट्याला कधी आलं नाही!

आणि खर्चाचं म्हणाल तर आमच्या फळ्या जुन्याच आहेत. इथे शाळा पाडली की जिमची जमीन उखडून विकतात, तीच आणली. एकेका फळीचे खिळे उपटताना तळहाताला फोड आले. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ते तपासून घेतलं आणि मगच मशीनने घासलं. त्यावर सीलर, मग नव्या रेषा, मग वरून पॉलिश. रेषा पॉलिशच्या खाली राहतात, म्हणून बुटांनी जात नाहीत. भिंतीकडेची एक पट्टी मात्र न घासता तशीच ठेवली. तिच्यावर कुठे लाल रेषेचा तुकडा, कुठे निळ्या वर्तुळाचा कोपरा. फोटो बघून आई म्हणाली ना, "ही गोधडी कुणी शिवली?", तीच ती.

आता तुमच्यातल्या सरांसाठी. जागा ३० फूट रुंद, ४० फूट लांब. बास्केट नियमाप्रमाणे १० फूट उंचीवर, फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून १५ फुटांवर. पण इथल्या शाळांची तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर, त्यामुळे ती कमान दोन्ही बाजूंना भिंतीत घुसते, साधारण फ्री थ्रोच्या रेषेच्या आसपास. म्हणजे कोपऱ्यातून तीन गुण नाहीत. नातू कुरकुरतोय. तुम्ही म्हणाल, आधी दोन गुणांचे तरी नीट टाक.

भिंतीलगत चारी बाजूंनी दीड-दोन इंचांची फट मुद्दाम सोडली आहे. आपलं देवघराचं दार पावसाळ्यात फुगून अडकतं ना, तसं इथे उन्हाळ्यात सगळं कोर्ट फुगतं. जागा मिळाली नाही तर मधूनच उचललं जाईल. हिवाळ्यात हीटरने हवा इतकी कोरडी होते की फळ्यांमध्ये नखाएवढ्या चिरा पडतात, म्हणून हवेत ओलावा सोडणारं यंत्र लावलंय. नवरा म्हणतो, एवढी बडदास्त आपली कधी झाली नाही.

आई, तुझ्यासाठी एकच सूचना, तीही आधीच हात जोडून: पाण्याची बादली आणि फडकं घेऊन तिथे जायचं नाही. कोरड्या, रुंद मॉपने झाडायचं, बस्स. फिनाईलचं तर नावही काढू नकोस.

सप्टेंबरची तिकिटं बघतेय, तेव्हा थंडी नसते. बाबा, येताना पांढऱ्या तळाचे बूट आणा, काळ्या तळाचे ओरखडे उठतात. आणि शिट्टी आणा. इथे मिळते, पण नातवाला तुमचीच हवी आहे. ऑर्थोपेडिकची तारीख त्याआधी उरकून घ्या, पुढे ढकलू नका. गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन मला व्हॉट्सअॅप करा.

तुमची,
लेक