एका बैठकीत ५२८ पानं

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात राहते, पोस्टातून रिटायर झाले आणि आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीवर आहे. समिती म्हणजे काय, आम्ही तिघं आणि वर्षाला चाळीस-पन्नास पुस्तकं येतील इतके पैसे, तेही अनुदान वेळेत आलं तर. त्यामुळे कुठलं पुस्तक घ्यायचं यावरून आमच्यात जेवढी भांडणं होतात तेवढी लग्नात मानपानावरून पण होत नसतील.

पूर्वी रविवारच्या पुरवण्या बघून यादी करायचो. आता पुरवण्यांत पुस्तकांना चार बोटं जागा उरलीय (हा टोमणा आहे, राग मानू नका) म्हणून मोबाईलवर रिव्ह्यू बघतो. गेल्या दिवाळीत अशीच एक कादंबरी घेतली. रेटिंग ४.७, किंमत साडेचारशे, दोन प्रती घ्यायचा हट्ट माझाच. पहिल्यांदा नेलेल्या मावशी तिसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, यातली सुमन मध्येच सुनंदा झालीय." मला वाटलं मावशींचा चष्मा बदलायला झालाय. मग मी स्वतः घरी नेली. पान १४३ पर्यंत सुमन, तिथून पुढं सुनंदा, आणि एका जागी तर सुमन चहा टाकते आणि सुनंदा गाळते, बाई मात्र एकच!

रात्री भाच्याला शेजारी बसवून ते रिव्ह्यू परत वाचले. एकूण चौदा. त्यातले नऊ एकाच आठवड्यातले. पाच जणांनी लिहिलंय "एका बैठकीत वाचून संपवलं", आता पुस्तक ५२८ पानांचं आहे, अशी बैठक मारायची तर जेवणाचा डबा घेऊनच बसावं लागेल. तिघांनी अप्रतिम हा शब्द चुकवलाय आणि तिघांनीही 'ती' दीर्घच काढलीय. सुमनची सुनंदा झालेली एकालाही दिसली नाही. तेरा जणांचे पाच स्टार आणि चौदाव्या माणसाचा एक, का तर पार्सल भिजलेलं आलं. म्हणजे चौदात मनापासून लिहिणारा बहुतेक हाच, आणि तो पुस्तकाबद्दल बोलतच नाहीये.

आता दुसऱ्याला नावं ठेवायच्या आधी माझं सांगते. आमच्या शेजारच्या भाऊजींचा कवितासंग्रह आला तेव्हा ग्रुपवर लिंक आली, सोबत मेसेज, "सर्वांनी पाच स्टार द्यावेत व दोन ओळी लिहाव्यात." मी आमटीला फोडणी देता देता लिहून टाकलं, "मनाला भिडणाऱ्या कविता." वाचल्या होत्या तीन. त्यातली एक बरी होती. तेव्हा मला यात काही गैर वाटलं नव्हतं, आपल्याकडं आहेर असाच करतात, त्यांनी माझ्या मुलीच्या लग्नात केला तसा मी त्यांच्या पुस्तकाला केला. पण कुठंतरी बीडला नाहीतर चंद्रपूरला आमच्यासारखीच एखादी समिती बसली असेल आणि माझ्या त्या ओळीवर भरवसा ठेवून तिनं दीडशे रुपये घातले असतील, हे डोक्यात आलंच नाही.

मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. ऑर्लँडो फायजिस म्हणून ब्रिटनचे नावाजलेले इतिहासकार आहेत, २०१० मध्ये उघड झालं की ते ॲमेझॉनवर टोपण नावानं स्वतःच्या पुस्तकाची स्तुती आणि दुसऱ्या इतिहासकारांच्या पुस्तकांची निंदा लिहीत होते. आधी इन्कार, मग वकिलाची नोटीस, मग बायकोवर ढकललं आणि शेवटी कबूल केलं आणि नुकसानभरपाई दिली. अमेरिकेत २०१०-११ च्या सुमाराला एक माणूस ९९ डॉलरला एक रिव्ह्यू असं दुकानच चालवत होता. आपल्याकडं एवढा मोठा धंदा मला तरी माहीत नाही, पण गेल्या महिन्यात एका पुस्तकाच्या पार्सलमध्ये गुळगुळीत कार्ड निघालं, पाच स्टार देऊन स्क्रीनशॉट पाठवा, पन्नास रुपये परत मिळवा. पन्नास रुपयांत इमान, तेही जीपेवर!

नियम नाहीत असंही नाही. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ नावाचं मानक आणलं, पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत असं त्यात आहे, पण ते ऐच्छिक ठेवलं, म्हणजे पाळलं तर पाळलं. जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर लोकांसाठी सूचना निघाल्या की फुकट वस्तू घेऊन शिफारस करत असाल तर तसं उघड सांगा. रीलमध्ये पुस्तकं दाखवणाऱ्या पोरापोरींनी हे वाचलंय का देव जाणे. आणि ते 'व्हेरिफाइड पर्चेस' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ विकत घेतलं एवढाच, वाचलं असा नाही. शिवाय इंग्रजी पुस्तकाला हजारो रेटिंग असतात, त्यात दहा खोटी खपून जातात, मराठी पुस्तकाला सगळी मिळून दहा-बारा, त्यात दोन मेहुणे आणि एक ऑफिसातला मित्र आला की निकाल लागला.

फुकट प्रत घेणं हे पाप आहे असं मी म्हणत नाही. जुन्या मासिकांत 'साभार पोच' अशी यादी यायची, पुस्तक मिळालं एवढंच त्यात असायचं, अजून वाचलेलं नाही हे सगळ्यांना कळायचं. परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात हेही उघड छापलेलं असायचं. आता ते उघड राहिलं नाही, दुखतं ते तिथं. आणि खरं लिहिणं सोपं नाही हेही कळतं मला, गाव लहान, वाईट लिहिलं की तोच लेखक संध्याकाळी मोती चौकात पेढ्याच्या दुकानासमोर भेटतो आणि घरच्यांची तब्येत विचारतो, मग काय बोलणार. म्हणून वाईट लिहाच असा माझा आग्रह नाही. फक्त खाली एक ओळ टाका, प्रत विकत घेतली की भेट आली, लेखक ओळखीचा आहे का, आणि कितव्या पानापर्यंत वाचलं. तुमच्या पेपरातल्या परीक्षणाखाली पण ही ओळ यायला हरकत नाही.

यंदा जानेवारीत इथं साताऱ्यात ९९ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी प्रत्येक स्टॉलवर मधलंच पान उघडून उभ्यानं वाचत होते, पाय दुखले पण फसले नाही. तिकडं भिलारला पुस्तकांचं गाव केलंय, २०१७ पासून, घराघरांत कपाटं, बसा आणि वाचा, आवडलं नाही तर ठेवून द्या. प्रत्येक गावाला असं जमणार नाही, म्हणून आम्ही वाचनालयात एक सोपं काम सुरू केलंय. पुस्तकाच्या शेवटी तारखेच्या शिक्क्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, तिच्यावर परत करताना पेन्सिलनं पान नंबर लिहायचा, कुठवर वाचलं तो. नाव नाही, स्टार नाही. त्या कादंबरीच्या दोन प्रतींवर आठ महिन्यांत चार शिक्के पडलेत आणि आकडे आहेत १४४, ६२, ३५ आणि ५२८. तो ५२८ माझा आहे, पैसे मीच खर्च करायला लावले होते ना.

भाऊजींच्या संग्रहाचं मात्र मी दुरुस्त केलं. आता तिथं तीन स्टार आहेत आणि लिहिलंय, "कवी माझे शेजारी आहेत, प्रत भेट मिळाली, सगळ्या कविता वाचल्या, पावसावरची आवडली." वहिनींनी अजून पाहिलेलं दिसत नाही, कालच वाटीभर शिरा पाठवला होता. पत्र मोठं झालंय, हवं तिथं कापा, पण हा शेवटचा परिच्छेद ठेवा, त्यांच्याकडं तुमचाच पेपर येतो आणि तोंडानं सांगायची माझी हिंमत नाही.

आपली,
एक वाचक, सातारा