अडॅप्टर घेतला म्हणजे मिक्सर चालेल असं नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जून-जुलै लागला की पुण्यात परदेशी शिकायला निघालेल्या मुलांची खरेदी सुरू होते, तुळशीबागेतून पोळपाट-लाटणं, तपकीर गल्लीतून अडॅप्टर वगैरे. माझं मिक्सर आणि मोटर दुरुस्तीचं दुकान तिथून जवळच आहे, त्यामुळे आई-वडील घरचा मिक्सर पिशवीत घालून येतात आणि म्हणतात, दादा जरा सर्व्हिसिंग करून द्या, मुलगी अमेरिकेला चाललीये. सर्व्हिसिंग करून देतो हो, पण तो तिकडे चालणार नाही त्याचं काय? असं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अडॅप्टर घेतलाय की!"

घोळ सगळा इथेच आहे. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते तो आकडा), अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, जपानमध्ये तर १०० च (आपल्याकडे जपानी शिकून तिकडे जाणारी मुलं कमी नाहीत म्हणून मुद्दाम लिहितोय). मोबाईल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असतं, ते कुठेही बिनधास्त लावा. मिक्सरच्या बुडाला जी पट्टी असते तिच्यावर नुसतं २३० लिहिलेलं असतं, आणि मिक्सर उलटा करून ती पट्टी कोणी बघतच नाही.

मग १२० वर काय होतं? मोटर फिरते, अगदीच बंद पडत नाही, म्हणून पोरांना वाटतं चालतोय. पण स्पीड नसतो, ओलं खोबरं टाकलं की पातं अडकतं, आणि गार करणारा पंखा त्याच शाफ्टवर असल्यामुळे मोटर अडकली की हवा बंद, कॉइल तापून वास सुटतो. इस्त्रीचं अजून सोपं गणित आहे, व्होल्टेज निम्म्यावर आलं की ताकद निम्मी नाही, जवळपास पाव होते, म्हणजे १००० वॅटची इस्त्री तिकडे कशीबशी २७० वॅट देणार, तिने शर्ट काय इस्त्री होणार.

काहीजण विचारतात की ११० वर (अमेरिकेच्या १२० लाच लोक ११० म्हणतात) रिवाइंड करून, म्हणजे मोटरची कॉइल नव्याने गुंडाळून द्या. मी करत नाही. तेवढ्याच ताकदीसाठी करंट दुप्पट लागतो, ७५० वॅटचा मिक्सर इथे सव्वातीन अँपिअर घेतो तर तिथे सव्वासहा घेईल, आणि त्यातला स्विच, कार्बन ब्रश, ओव्हरलोड (जादा भार आला की मोटर बंद करणारं बटण) सगळं जुन्या हिशोबाचं. शिवाय पट्टीवर २३० च राहणार, उद्या कोणीतरी तो परत इथे आणून लावला की संपलं. ट्रान्सफॉर्मर नेता येतो, पण ७५० वॅटच्या मिक्सरला निदान १५०० चा लागतो कारण मोटर सुरू होताना जास्त ओढते, आणि तो मिक्सरपेक्षाही जड, २३ किलोच्या बॅगेत मग लोणचं-मसाले कुठे ठेवणार? आणि ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही हेही लक्षात ठेवा. मिक्सरच्या ब्रशवाल्या मोटरला त्याने फरक पडत नाही, पण घरघंटी नेण्याच्या विचारात असाल तर तिची इंडक्शन मोटर ६० हर्ट्झवर पाचव्या हिश्शाने जास्त जोरात पळेल. त्यापेक्षा ११० व्होल्टचे मिक्सर आपल्याच कंपन्या बनवतात आणि अमेरिकेत मिळतात, चटणीचा जार वगैरे सगळं असतं, तिकडेच घ्या.

जर्मनी, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दुबईवाल्यांना हे टेन्शन नाही, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, फक्त पिन वेगळी. गंमत म्हणजे आपली गोल तीन पिन ही इंग्लंडचीच जुनी पद्धत, त्यांनी १९४७ च्या सुमारास चौकोनी पिन आणि आत फ्यूज असा प्लग काढला आणि आपण जुनंच धरून राहिलो. पण रस्त्यावर मिळणारे "सगळ्या देशांचे" स्वस्त अडॅप्टर घेताना बघा, बऱ्याच अडॅप्टरांत अर्थिंग पुढे जातच नाही. मोबाईलला चालेल, लोखंडी बॉडीच्या इस्त्रीला अजिबात नाही. तीन पिनचा, त्याच देशाचा, अर्थिंगवाला अडॅप्टर मागून घ्या. आणि तिकडच्या बऱ्याच हॉस्टेलांत खोलीत शेगडी, राइस कुकर ठेवू देत नाहीत, ते आधी मेल करून विचारा. आणि हो, इंडक्शन शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा साधा कुकर नेऊन काही उपयोग नाही, इंडक्शन बेसवालाच न्या.

माझं दुकानदार मंडळींना एवढंच म्हणणं आहे की गिऱ्हाईक "अमेरिकेला" म्हणालं की "सगळीकडे चालतं" असं ठोकून देऊ नका, मिक्सर उलटा करून पट्टी दाखवा. परदेशी पाठवणाऱ्या क्लासेसनी सेमिनारमध्ये व्हिसाबरोबर दहा मिनिटं यालाही द्यावीत.

उलटा प्रकारही होतो. अमेरिकेहून आलेला हेअर ड्रायर किंवा राइस कुकर सुट्टीत इथल्या बोर्डाला लावतात, १२० च्या वस्तूला २३० मिळाले की हीटर साडेतीन पटीहून जास्त ताकद खेचतो आणि धूर निघतो. तो रिपेअर होत नाही, दुकानात घेऊन येऊ नका.

आपला,
एक मिक्सर दुरुस्तीवाला, बुधवार पेठ, पुणे