पाडण्यापूर्वी जोत्याचे दगड पाहा

महोदय,

सावनेर तालुक्यातले माझे माहेरचे घर येत्या अक्षय तृतीयेनंतर पाडायचे ठरले आहे. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे सपरी म्हणजे ओसरी. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत खचली. वहिनीला लेकरे घेऊन तिथे राहायची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. घर पाडू नका, असे माझे म्हणणे नाही.

माझा जीव अडकला आहे तो जोत्यात. मातीच्या भिंतींखाली घडीव काळ्या दगडाचे चार थर आहेत. कोपऱ्यातल्या दगडावर कीर्तिमुख, म्हणजे उग्र राक्षसी चेहऱ्याचे कोरीवकाम आहे, तेही उलटे. कीर्तिमुखाची जागा देवळाच्या उंबरठ्यावर. माजघरातला सागवानी खांब ज्या तळखड्यावर उभा आहे, तो खाली चौकोनी आणि वर अष्टकोनी, म्हणजे देवळाच्याच खांबाचा तुकडा. काही दगडांच्या कडेला अर्धीच खाच दिसते. दोन दगड लोखंडी कांबेने जखडण्यासाठी अशी खाच दोघांत मिळून कोरत. इथे शेजारच्या दगडात तिची जोडी नाही. आमच्या भागात हेमाडपंती देवळांचे अवशेष आहेतच, त्यांतल्याच एखाद्या पडक्या देवळाचे हे दगड असावेत. सपरीच्या जोत्याला मात्र उभी सांध आहे आणि तिथले सगळे दगड ओबडधोबड. म्हणजे सपरी मागाहून जोडली. आजी म्हणायची, "त्या गोट्यावर पाय नको देऊ, देवाचा गोटा हाये तो." तिला हे न मोजता ठाऊक होते.

गेल्या वर्षी शेजारचे घर पाडले. असेच घडीव दगड होते. एका दुपारीत ट्रॉलीने नेऊन नाल्याच्या भरावात टाकले. त्यांवर काय कोरले होते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

शंभर वर्षांहून जुनी शिल्पे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, पण ही गोष्ट गावापर्यंत पोहोचलेली नाही. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथले मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून आहे. तिथे नुसता दगड नेऊन ठेवला तर तो कोणत्या थरात, कोणत्या बाजूने बसवला होता, हे हरवते. म्हणून जुने घर पाडण्याआधी ग्रामपंचायतीने जोत्याचे फोटो काढावेत, दगडांना क्रमांक द्यावेत आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. याला खर्च जवळपास नाही.

आमच्या घरी भाच्याने खडूने क्रमांक टाकायला सुरुवात केली आहे. पाडकाम सुरू होण्याआधी विभागातले कोणी जाणकार येऊन पाहून गेले, तर आम्ही घरी थांबू.

– एक वाचक, नागपूर